थोरलीची चमकी

कल्लाप्पानं चिमट्यानं शेवटचा खिळा उपसला, मागचा तपकिरी कागद टरकावला आणि आबांचा फोटो चौकटीतून सोडवून बाजूला ठेवला, तर त्या फोटोच्या पाठीला तोंड लावून बसलेली एक बाई निघाली. हेमलता दुकानाच्या पायरीवर उभी होती आणि तिचं अर्धं लक्ष संपिगे रोडच्या कोपऱ्याकडे होतं, कारण कारखान्याची बस कुणासाठी थांबत नसे. आबा म्हणजे तिचे सासरे, दामोदरपंत कित्तूरकर, बेळगावचे शाळामास्तर. त्यांना जाऊन तेरा वर्षं झाली होती आणि लग्न होऊन ती घरात आली अकरा वर्षांपूर्वी, त्यामुळे तिच्या लेखी आबा म्हणजे हा फोटोच. रेडिओची एरियल ओढताना नवऱ्याच्या, अरविंदच्या, खुर्चीची पाठ लागून फोटोची काच तडकली होती. चार दिवसांवर अविधवा नवमी, सवाष्णपणी गेलेल्या बायकांच्या श्राद्धाचा दिवस, आली होती, आणि तडकलेल्या काचेमागे आबांना ठेवून घरात पान मांडायचं हे सासूबाईंना, माईंना, पटण्यासारखं नव्हतं. म्हणून ती आली होती. काच बदलायची, फोटो घरी न्यायचा, खिळ्याला अडकवायचा, एवढंच काम होतं.

"अक्का, ह्ये बघा की," कल्लाप्पा म्हणाला. तो गोकाककडचा; मल्लेश्वरमात फ्रेमा बसवत त्याची दहा वर्षं गेली होती, तरी मराठी गिऱ्हाईक दिसलं की त्याची जीभ सैल सुटायची. "आत आणि एक हाय. फोटू न्हवं, चित्र हाय. हातानं काढल्यालं."

जाड पुठ्ठ्यावर जलरंगात काढलेली सोळा-सतरा वर्षांची मुलगी होती ती. अंगावर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला पदर, कपाळावर आडवी चिरी. रंग ताजे होते, तेरा वर्षांत ऊन लागलेलंच नव्हतं त्यांना. मुलगी गोड वगैरे नव्हती. भुवया जवळ आलेल्या, ओठ घट्ट मिटलेले, आणि डोळे समोर रोखलेले, ज्या नजरेनं बाजारात आपण वजनकाट्याकडे बघतो तसे. एका कडेला पुठ्ठा वेडावाकडा कापलेला होता. तिथे तिचं उचललेलं कोपर तेवढं दिसत होतं. पुढचा हात कात्रीनं गेला होता.

"कोण म्हणायची ही?" हेमलतानं स्वतःलाच विचारलं.

"मद्रासकडची बाई हाय," कल्लाप्पानं निकाल देऊन टाकला. "नाक बघा की. चमकी उजवीकडं. आपल्याकडच्या बायका डावीकडं घालत्यात. हितं ऱ्हाऊन मी नाक बघून गाव सांगतो. बेळगावच्या फ्रेमवाल्यानं पुठ्ठा म्हणून घातलं आसंल. तसंच घालू का परत आत?"

खरं तर 'घाला' म्हणायचं होतं. तोंडात शब्द तयार होता. बस आली, कंडक्टरनं दाराच्या पत्र्यावर थाप मारली, आणि हेमलता म्हणाली, "नको. तुम्ही नवा पुठ्ठा घाला. हे मी नेते." कल्लाप्पा 'सरी, सरी' म्हणाला आणि त्यानं चित्र कन्नड वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. बसमध्ये ते मांडीवर ठेवून बसली तेव्हा चोरीचं काही जवळ बाळगल्यासारखा तिनं त्यावर पदर ओढून घेतला, आणि त्याचं कारण तिचं तिलाच कळत नव्हतं. एका परक्या मद्रासी मुलीचं चित्र. पण अकरा वर्षं रोज सकाळी ती आबांच्या फोटोला हार घालत होती, दर गुरुवारी ओल्या फडक्यानं काच पुसत होती, आणि त्या सगळ्या सकाळी ही मुलगी त्या फोटोमागे अंधारात डोळे टक्क उघडे ठेवून होती. आपण एकट्या आहोत असं समजून माणूस काय काय करतो. आबांसमोर ती कितीदा रडली होती, एकदा तर पदरात तोंड खुपसून हसली होती. हे सगळं कुणीतरी ऐकलं, या विचारानं ती बसल्या जागी अवघडली.

ड्रॉइंग ऑफिसात शिरलं की अमोनियाचा वास नाकात जायचा आणि मग दिवसभर दुसरा कुठला वास यायचा नाही. हेमलता ट्रेसर होती. इंजिनिअर पेन्सिलीनं नकाशा काढायचे. त्यावर निळसर ट्रेसिंगचं कापड ताणून बसवायचं, खडूची पूड चोळायची, आणि शाईच्या पेनानं रेघेवर रेघ उमटवायची. स्वतःचं काही घालायचं नाही. एखादं वर्तुळ चुकलंय हे दिसलं तरी चुकलेलंच उतरवायचं, मग जाऊन सांगायचं. तिचा हात स्थिर होता म्हणून अवघड कामं तिच्याकडे यायची. उरलेले कापडाचे तुकडे बायका घरी न्यायच्या. गरम पाण्यात भिजवले की खळ जायची आणि मऊ सुती रुमाल निघायचे. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असायची आणि तिच्यात तीन रकाने: काढणार, ट्रेस करणार, तपासणार. मधल्या रकान्यात ती चार वर्षं 'एच. के.' अशी अक्षरं घालत आली होती. त्या दिवशी तिसऱ्या नकाशाच्या वेळी पेन त्या रकान्यावर थांबलं. एच. के. म्हणजे हेमलता कित्तूरकर. हो. पण ही कोण? मिरजेला माहेरी बावीस वर्षं जी वावरली, तिचं नाव नयना होतं. लग्नात तांदळाचं ताट पुढे आलं, अरविंदनं अंगठीनं त्यात नाव रेखलं, बायका वाकून वाकून बघायला लागल्या, कुणीतरी म्हणालं, 'अय्या, किती छान!' आणि तिनंही वाकून वाचलं होतं, दुसऱ्या कुणाचं पत्र वाचावं तसं. मग ते तांदूळ कुठे गेले? शिजवले असणार. स्टेशनवर आईनं खिडकीतून 'नयना, पोचल्याचं कळव' म्हटलं, तेवढंच शेवटचं. नंतर आईचीसुद्धा पत्रं 'सौ. हेमलता' अशीच येऊ लागली. वाईट वाटलं होतं का तेव्हा? नव्हतं वाटलं. नवीन लुगड्यासारखं वाटलं होतं. आजच हे काय काढलंय मी, असं मनाशी म्हणत तिनं 'एच. के.' लिहिलं, पण 'एच'चा एक पाय शाईनं भरला आणि ब्लेडनं खरवडून काढावा लागला.

घरी अरविंदनं चित्राकडे उभ्या उभ्या बघितलं. तो भला माणूस, पण ज्या गोष्टीचा उपयोग सांगता येत नाही तिच्यापुढे फार वेळ थांबायचा नाही. "मद्रासी दिसतेय कुणी. अगं, फ्रेमवाले हाताला लागेल ते मागे घालतात. दे परत त्याला, जाड पुठ्ठा होता म्हणून आबांचा फोटो ताठ बसला होता."

"माई, तुम्ही बघता का?" हेमलतानं विचारलं.

माई अठ्ठावन्न वर्षांच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण भाजीत मीठ कमी पडलं तर वासावरून सांगणाऱ्या. त्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मला कुठं दिसतंय आता," त्या म्हणाल्या. "होतं तिथं ठेव." आणि शेंगा सोलण्याचा वेग वाढला. हेमलताच्या नजरेतून तो सुटला नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या रेघांवर डोळा ठेवणाऱ्या बाईच्या नजरेतून असं सहसा सुटत नाही. तिनं चित्र कपाटाच्या माथ्यावर ठेवलं. पण घरात आता एक माणूस वाढलं होतं, आणि ती कणीक मळायला बसली तरी तिची पाठ त्या कपाटाच्या दिशेनं जागी राहायची.

या घरात आधीपासूनच एक न दिसणारं माणूस होतं. थोरली. आबांची पहिली बायको. देवघरात अन्नपूर्णेच्या शेजारी बोटाच्या पेराएवढा चांदीचा टाक होता, त्यावर ठोकून काढलेली बाईची आकृती. नाक-डोळे चोळून चोळून सपाट झालेले. दुसरेपणावर दिलेल्या बायकोनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, नैवेद्य आधी तिला, म्हणजे ती रागावत नाही. माईंनी तो टाक अकराव्या वर्षापासून आबा जाईपर्यंत गळ्यात वागवला होता, आणि मंगळसूत्र उतरलं तेव्हा तोही उतरून देवघरात आला. नवरा गेल्यावर अविधवा नवमी बंद करतात, असं सगळे सांगत होते. माईंनी बंद करू दिली नव्हती. थोरलीविषयी घरात दोनच गोष्टी माहीत होत्या. एक, ती अठराव्या वर्षी बाळंतपणात गेली. दुसरी गोष्ट हेमलताला आत्याबाईंनी, आबांच्या बहिणीनं, लग्नानंतर आठ दिवसांत ऐकवली होती, ती वेणी घालत असताना: "आमच्याकडे आरशापुढं फार वेळ बसलेलं चालत नाही हो. थोरली बसायची. घटका घटका हलायची नाही. नटवी मेली. पोळी करपली तरी उठायची नाही. शेवटी आईनं आरसा काढून माळ्यावर टाकला." त्यानंतर कित्येक महिने हेमलता आरशाकडे न बघता कुंकू लावायला शिकली होती.

सुट्टीच्या दिवशी दुपारी अरविंद झोपला आणि माई जपाला बसल्या तेव्हा तिनं चित्र खाली काढलं. परत द्यायचंच होतं, पण त्याआधी एक उतरवून ठेवू, असं तिनं स्वतःला समजावलं. रुमालासाठी आणलेला ट्रेसिंगच्या कापडाचा तुकडा तिनं चित्रावर ताणला, चार कोपऱ्यांना पाटा, वरवंटा, पितळी तांब्या आणि अडकित्ता ठेवला, आणि पेन्सिल घेतली. कपाळ. भुवया. रेघेवर रेघ. एखाद्याचं काम उतरवताना त्याचा हात कळतो, हे ऑफिसात तिला ठाऊक होतं. कोण घाईत असतो, कोण घाबरट, कोण पहिल्यांदा चुकीचं काढून मग दाबून बरोबर करतो. हा हात घाबरट नव्हता. डाव्या गालाची रेघ एका दमात आली होती. नाकाशी मात्र तो अडखळलेला होता, चमकीच्या जागी दोनदा ओला रंग पुसून पुन्हा ठेवलेला दिसत होता. जणू त्यालाही प्रश्न पडला होता, कुठल्या बाजूला काढू? दिसतंय तिथं, की आहे तिथं? हेमलताची पेन्सिल थांबली. हा विचार आपल्या डोक्यात कुठून आला ते तिला कळेना. दिसतंय तिथं की आहे तिथं म्हणजे काय? चमकी असते तिथंच दिसते. तिनं पुढं उतरवलं: मिटलेले ओठ, हनुवटी, पदर, उचललेलं कोपर, कापलेली कड. मग चारही वजनं बाजूला केली, आणि खिडकीच्या वाऱ्यानं कापड उचललं गेलं, वळलं, आणि तिच्या मांडीवर उलटं पडलं.

कापड पारदर्शक. पाठीमागूनही सगळं दिसत होतं. चमकी डाव्या नाकपुडीत होती.

ती बघत राहिली. आपल्याकडची मुलगी होती ती. मद्रासची नाही, कुठली नाही. मिरजेत, बेळगावात, कुठल्याही पाणवठ्यावर दिसेल अशी. आणि कोपर आता उजव्या हाताचं होतं, कामाच्या हाताचं. हेमलता उठली, भिंतीवरच्या छोट्या आरशापुढं गेली, अकरा वर्षांत पहिल्यांदा नीट उभी राहिली आणि उजवा हात उचलला. आरशातल्या बाईनं डावा उचलला. तिच्या स्वतःच्या डाव्या नाकपुडीतली चमकी आरशातल्या बाईच्या उजव्या नाकपुडीत चमकत होती. रोखलेले डोळे, जवळ आलेल्या भुवया. कुणाकडे रागानं बघणं नव्हतं ते. मोजणं होतं. घटका घटका हलायची नाही. पोळी करपली तरी उठायची नाही. "अगं बाई," हेमलता मोठ्यानं म्हणाली, आणि तिथंच जमिनीवर बसली. नटत नव्हती ती. काम करत होती. बसवून घ्यायला दुसरं कोण मिळणार होतं तिला त्या घरात? म्हणून स्वतःलाच बसवत होती, आणि त्यासाठी आयुष्यभर, आणि मेल्यावर अठ्ठेचाळीस वर्षं, नटवी म्हणवून घेत होती. हेमलताला रडू नाही आलं. संताप आला, आणि तो कुणावर करायचा ते कळेना. आत्याबाई मरून सहा वर्षं झाली होती. देवघरात जाऊन तिनं तो टाक हातात घेतला. चांदी गार होती, चेहरा सपाट. मग तिला तो साधा प्रश्न पडला, जो या घरात अकरा वर्षं राहून तिनं एकदाही विचारला नव्हता.

"माई, थोरलीचं नाव काय होतं?"

माईंच्या हातातली जपमाळ थांबली. बाहेर मोगऱ्याचे गजरे विकणारी मल्लिगेवाली ओरडत गेली.

"माझंच," माई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"जानकी. तिचं जानकी ठेवलं होतं. ती गेली, वर्षाच्या आत मला आणली. ताटात काय लिहायचं म्हणून भटजींनी विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, जानकीच लिहा, जिभेला सवय झालीय." माळ पुन्हा फिरू लागली. "पुढं विचारू नकोस."

हेमलतानं विचारलं नाही. पण त्या दिवसापासून नवमीपर्यंत तिला चैन पडेना. बसमध्ये, ऑफिसात, दूध तापवताना एकच दृश्य तिच्या डोळ्यांपुढं यायचं आणि ती ते झटकून टाकायची. दर नवमीला गुंडो गुरुजी यायचे. अरविंद पाटावर बसायचा. गुरुजींचे यजमान पन्नास, त्यांना कुणाचं काय लक्षात राहणार. ते दरवर्षी विचारायचे, 'सापत्न माता. नाव?' आणि अरविंद म्हणायचा, 'जानकी.' मुंजीपासून म्हणत आला होता, अठ्ठावीस वर्षं. जानकी, तीळ आणि पाणी. जानकी, तीळ आणि पाणी. आणि आत चुलीशी, मेलेल्यांच्या ताटात वाढायचे वडे तळत, जिवंत जानकी बसलेली असायची. हे तिला ऐकू येत असणारच. दोन खोल्यांचं घर ते. ती स्वतः, हेमलता, अकरा वर्षं तिथं शेजारी बसून खीर ढवळत होती आणि तिच्या कानावरून ते नाव वाऱ्यासारखं गेलं होतं. अरविंदला सांगितलं तर तो काय म्हणेल? 'असतात एकाच नावाची माणसं' म्हणेल. तिनं सांगितलं नाही. तो स्वतः म्हणतो तेच त्याला ऐकू येत नाही, तर ते कसं सांगायचं, हे तिला सुचेना. चित्र मात्र तिनं कल्लाप्पाला दिलं नाही. नव्या पुठ्ठ्यावर आबांचा फोटो आला, नवी काच लागली, अरविंदनं तो खिळ्याला अडकवला. तो किंचित पुढं झुकायचा. अरविंद म्हणाला, "बघ, म्हणत होतो ना, जुनाच पुठ्ठा बरा होता." आतल्या आत तिनं एक ठरवलं होतं आणि ते बोलायचं धैर्य तिला होईल की नाही याची तिला खात्री नव्हती: यंदा गुरुजींनी नाव विचारलं की मध्येच बोलायचं, 'थांबा.' पण थांबवून पुढं सांगणार काय? दुसरं नाव तिच्याकडे नव्हतं.

नवमीला सकाळपासून घर तेलाच्या आणि दर्भाच्या वासानं भरलं. थोरलीची सवाष्ण म्हणून नेहमीच्या वीणाताई बारा वाजता यायच्या होत्या. हेमलता तांदूळ निवडत होती आणि कान सगळा बाहेर. गुरुजी धारवाडकडचे, भरभर म्हणणारे. मंत्र आणि घरगुती बोलणं एकाच सुरात. "हं, आता सापत्न माता. नाव सांगा, अण्णा."

हेमलता उठली. तिच्या मांडीवरचे तांदूळ जमिनीवर सांडले. 'थांबा' घशापर्यंत आलं होतं, आणि बाहेर अरविंदचा नेहमीचा, सरळ, निष्पाप आवाज आला, "जानकी."

"जानकी मी."

माई दारात होत्या. सोवळ्यातच, हाताला पीठ, झारा तसाच हातात. त्यांना पाट दिसत होता की नव्हता कुणास ठाऊक, पण त्या आवाजाच्या दिशेनं बघत होत्या. "मी आहे अजून. अठ्ठावीस वर्षं माझ्या नावानं तीळ-पाणी सोडतोयस, बाळ, आणि मी आत वडे तळते."

अरविंदच्या तळहातावरचं पाणी बोटांतून खाली गळालं. त्याचा चेहरा असा झाला की हेमलताला त्याची कीव आली. त्याला खरंच कधी ऐकू आलं नव्हतं. "माई," तो म्हणाला, "मला... मग तिचं नाव काय म्हणू?"

"चंपा."

"ते माहेरचं," गुरुजी अडखळत म्हणाले. "माहेरचं नाव चालत नाही, माई. गोत्र बदललं की..."

"गोत्र तुमचं तुम्ही बघा. पाणी तिला पोचायचंय ना? जानकी म्हटल्यावर इतकी वर्षं कुणाला पोचत होतं ते मला विचारा." माईंचा आवाज चढला नव्हता. "चंपा म्हणा. नाहीतर मी चूल विझवते."

गुरुजींनी हेमलताकडे बघितलं, अरविंदकडे बघितलं, पंचांगाकडे बघितलं. मग घसा साफ केला. अरविंदनं पुन्हा तळहातावर पाणी घेतलं, तीळ घेतले, आणि चंपा म्हटलं. पाणी ताम्हनात पडल्याचा बारीक आवाज झाला. माई आत वळल्या. कढईतला एक वडा काळा झाला होता, तो त्यांनी झाऱ्यानं काढून बाजूला टाकला.

दुपारी सगळे गेल्यावर, अरविंद कुणाशी न बोलता बाहेरच्या खोलीत पडून राहिल्यावर, हेमलतानं चित्र खाली काढून पाटावर ठेवलं आणि शेजारी ट्रेसिंगचं कापड उलटं मांडलं. माई न बोलावता आल्या. बसल्या. डोळ्यांपासून चार बोटांवर कापड धरून त्यांनी बघितलं, मग चित्र बघितलं, मग पुन्हा कापड.

"आबांच्या ट्रंकेत तळाशी होतं," त्या म्हणाल्या. "मला तेराव्या वर्षी सापडलं. तेव्हापासून मला वाटायचं, वेडीनं चमकी चुकीच्या बाजूला काढली. इतकं सगळं बरोबर, आणि चमकी चुकली." त्या थांबल्या. "आरशातलं होय गं ते? आज कळतंय मला."

"चंपा हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तिच्या आईनं. पहिलीचं माहेर तेच दुसरीचं माहेर, तशी रीत होती आमच्यात. पहिल्या दिवाळीला मला तिथं धाडली. अकरा वर्षांची मी. म्हातारी मला न्हाऊ घालताना चुकून म्हणाली, चंपे, मान खाली कर. मी मान खाली केली. मग ती मला चंपाच म्हणायला लागली, आणि मी ओ द्यायची. बोलले नाही कुणाला. म्हातारीला बरं वाटायचं." माईंनी चित्राच्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "हे गेले तेव्हा फोटो मोठा करून आणला. फ्रेमवाला म्हणाला, मागं जाड पुठ्ठा पाहिजे. मीच दिलं काढून. फेकवेना, आणि भिंतीवर लावायला मी कोण. म्हटलं, त्यांनी जन्मभर हिच्याकडे वळून बघितलं नाही, आता राहू दे पाठीशी तोंड लावून. रोज हार तरी चढेल. चौकटीत मावेना म्हणून कात्रीनं कापलं. कुंचला होता गं हातात तिच्या. तो तुकडा मी बंबात घातला." त्यांचं बोट कोपराच्या टोकाशी थांबलं. "हात कापला मी तिचा."

हेमलतानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळानं तिनं पट्टी घेतली, शाईचं पेन घेतलं, आणि कापडाच्या खालच्या कोपऱ्यात ऑफिसात आखायची तशी चौकट आखली. तीन रकाने. त्यांचा अर्थ तिनं माईंना सांगितला. पहिल्यात 'चंपा' लिहिलं. दुसऱ्या रकान्यावर पेन आपोआप 'हे' काढायला निघालं होतं; तिनं ते उचललं, श्वास घेतला आणि 'नयना' लिहिलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा लिहिलं, आणि 'य'ची रेघ हलली. तशीच राहू दिली.

"हे कोण?" माईंनी विचारलं.

"मी."

माईंनी मान हलवली, जणू हे त्यांना आधीच ठाऊक होतं.

"तिसरा तपासणाराचा," हेमलता म्हणाली. "चमकी बरोबर आहे हे तुम्ही बघितलंत. तुमचं नाव घालते. जानकी नको. आधीचं काय होतं?"

माईंचे ओठ हलले, मग थांबले. "आठ भावंडांत शेवटची मी. मला घरात सगळे बारकी म्हणायचे. पत्रिकेत होतं काहीतरी. आईनं एकदा सांगितलं होतं." त्या पुन्हा आठवू लागल्या, कपाळाला आठ्या घालून, मोतीबिंदूचे पांढुरके डोळे बारीक करून. "नाही गं. ते लांब गेलं."

"मग राहू दे. रिकामं ठेवते. आठवेल तेव्हा लिहू."

माईंनी तिचं मनगट घट्ट धरलं. पिठाच्या, म्हाताऱ्या हाताला इतकी पकड असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"रिकामं ठेवू नकोस," माई म्हणाल्या. "रिकामं ठेवलंस की कुणीतरी जानकी लिहील. बारकी लिही."